नाशिक दाखवणारे

बाहेरून आलेल्या माणसाला गाव दाखवणं हा आपल्या नाशिकचा फार जुना उद्योग आहे. द्राक्षांच्या आधीचा, नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्याच्या आधीचा आणि माझ्या मते पितळी भांड्यांच्याही आधीचा. प्रवाशांची सोय करण्याचा लेखी पुरावाच पांडवलेण्यांमधल्या दहाव्या लेण्यात आहे. क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने तिथे आपल्या दानांची यादी कोरून ठेवली आहे. भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपूर म्हणजे मंदसोर, शूर्पारक म्हणजे सोपारा आणि चौथं आपलं गोवर्धन, अशा चार ठिकाणी त्याने प्रवाशांसाठी चौसोपी निवासस्थानं बांधली. तापी, दमण, पारदा, डहाणुका अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. गंगापूर रस्त्याने पुढे गेलं की लागतं ते गोवर्धन गाव हेच, असं अभ्यासक मानतात. म्हणजे सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी नाशिकच्या वेशीवर प्रवाशांसाठी धर्मशाळा होती आणि वाटेतल्या नद्यांवर होडीचे पैसे पडत नव्हते.

हे सगळं मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. ते कळायला गेली दिवाळी उजाडावी लागली. आपल्या बॅचचे सहा जण तेव्हा नाशकात होते. न्यू जर्सीहून आलेल्या मैत्रिणीच्या मुलांना आईचं गाव बघायचं होतं. तिने फोनवरून एक दिवसाची खासगी टूर बुक केली : एक गाडी, एक गाइड, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. आपलंच गाव आपण पैसे देऊन बघायचं, यावर ग्रुपवर भरपूर थट्टा झाली. तरीही सहाच्या सहा जण गाडीत बसलो.

त्या दिवसाविषयी लिहिण्याआधी नाशिक दाखवणाऱ्यांची परंपरा थोडी सांगते. मधली कित्येक शतकं हे काम तीर्थोपाध्यायांकडे होतं. कुठल्या प्रांताचा, कुठल्या जातीचा, कुठल्या गावचा यजमान कुठल्या उपाध्यायांकडे उतरणार हे ठरलेलं असे, आणि त्यांच्या वह्यांमध्ये घराण्याच्या पिढ्या उतरवलेल्या असत. आजही त्या वह्या आहेत. गाव आणि आडनाव सांगितलं की लाल कापडात बांधलेलं बाड निघतं आणि पणजोबांची सही समोर येते. मी डेटाबेसमध्ये आयुष्य काढलेली बाई आहे. आधी गाव, मग आडनाव, मग पिढी असा शोध कसलंही यंत्र नसताना काही मिनिटांत लागतो, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. मग रेल्वे आली. स्टेशन गावापासून लांब, म्हणून पुढे स्टेशन ते गाव अशी ट्राम आली. १८८३ साली मुंबई सरकारच्या गॅझेटियरचा नाशिक खंड छापला गेला. त्यात घाट, कुंडं, देवळं क्रमाने लावून दिली आहेत आणि लेण्यांचा भाग पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या कामावर उभा आहे. आपल्या लहानपणी हे काम रिक्षावाल्यांकडे आलेलं होतं. ‘पंचवटी दर्शन’ म्हणजे रामकुंड, कपालेश्वर, काळाराम, सीतागुंफा, तपोवन. पाहुणे आले की आपणही हाच फेरा मारायचो. हल्ली त्यात वाइनरीची भर पडली आहे.

प्रत्येक दाखवणारा आपापला रस्ता ठरवतो, आणि रस्ता ठरला की काय वगळायचं तेही ठरतं. आमच्या गाइडचा छापील कार्यक्रमही असाच होता. फरक एवढाच की तो प्रश्न विचारू देत होता, आणि उत्तर माहीत असेल तर कार्यक्रम मोडायचीही त्याची तयारी होती. तिशीतला मुलगा, इतिहासात एम. ए. केलेला. वडील याच पंचवटीत रिक्षा चालवायचे, हे त्याने दुपारी जेवताना सांगितलं.

सुरुवात पांडवलेण्यांपासून झाली. पांडवांचा या लेण्यांशी काही संबंध नाही, हे त्याने पायऱ्या चढतानाच सांगून टाकलं. शिलालेखांत डोंगराचं नाव त्रिरश्मी असं आहे, लेणी चोवीस आहेत आणि ती बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली आहेत. एकोणिसाव्या लेण्यातला लेख सातवाहन राजा कण्ह म्हणजे कृष्ण याच्या काळातला. त्यात नाशिक हे गावाचं नाव स्पष्ट आहे. सहलीला आपण इथे आलो होतो तेव्हा डबे खाऊन, माकडांना हुसकावून खाली उतरलो होतो. या वेळी तीन तास गेले.

त्यातला सर्वांत जास्त वेळ एका हिशेबावर गेला. उषवदाताने भिक्खूसंघाला तीन हजार कार्षापण कायमची ठेव म्हणून दिले. लेखात तिला ‘अक्षय नीवी’ म्हटलं आहे. ही रक्कम संघाच्या हातात दिलेली नाही. ती गोवर्धनमधल्या कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ठेवली : दोन हजार एका श्रेणीकडे महिना शेकडा एक दराने, आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे महिना शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चिवरासाठी मिळायचे.

मी तिथेच मोबाइलवर हिशेब केला. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्खू गुणिले बारा, दोनशे चाळीस. एक कार्षापणही शिल्लक नाही आणि कमीही नाही. आधी खर्च ठरवला, मग त्यावरून मुद्दल काढलं, हे उघड आहे. शिवाय हा सगळा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला आणि दप्तरात नोंदवला, असंही तो लेख सांगतो. दगडावर आहे ती त्या नोंदीची प्रत म्हणायची. श्रेणीचे लोक बदलतील, राजा बदलेल, म्हणून प्रत अशा जागी ठेवली की कुणाला खोडता येऊ नये. आमच्या क्षेत्रात बॅकअपवर इतकी चर्चा होते, पण एकोणीसशे वर्षं वाचता येईल असा बॅकअप अजून कुणी घेतलेला नाही.

राजा खरोखरच बदलला. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. तिसऱ्या लेण्यात त्याची आई गौतमी बलश्री हिचा मोठा लेख आहे. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी गादीवर येऊन एकोणीस वर्षं झाल्यावर आजीने तो कोरवला. मुलाने शक, यवन, पह्लवांचा नाश केला, क्षहरातांचं कुळ निपटून काढलं, त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, वगैरे पराक्रम त्यात आहेतच. पण तो आईच्या सेवेत कधी कमी पडला नाही, हेही तिने त्याच यादीत घातलं आहे. आमच्यातल्या दोघीतिघींनी हे वाक्य आपापल्या मुलांना लगेच ऐकवलं.

याच लेण्यात एक लहानसा लेख आहे, तो मला बलश्रीच्या लेखाइतकाच आवडला. गौतमीपुत्राने संघाला ककडी नावाच्या गावात एक शेत दिलं होतं. काही वर्षांनी गोवर्धनच्या अमात्याला नवा हुकूम गेला, त्यावर राजाबरोबर राजमातेचंही नाव आहे. ते शेत कुणी कसत नाही, ते गाव ओस पडलं आहे, तेव्हा त्याऐवजी नगराच्या सीमेवरच्या आमच्या मालकीच्या जमिनीतून शंभर निवर्तनं द्या, असा त्याचा मतलब. दान कागदावर झालं पण पोहोचलं नाही, तक्रार वर गेली आणि दुरुस्ती झाली. दिग्विजयाच्या वर्णनांपेक्षा त्या राज्याचा कारभार या चार ओळींतून जास्त कळतो.

गाइडने पुढे जोगलटेंभीच्या खजिन्याची गोष्ट सांगितली. दारणा-गोदावरीच्या संगमाजवळच्या या गावात १९०६ साली नहपानाची चांदीची तेरा हजारांवर नाणी सापडली. त्यातल्या दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला आहे. जुन्या राजाचा चेहरा नव्या ठशाखालून अजून दिसतो. नाणी वितळवली नाहीत, चलन चालू राहिलं, हुकूम तेवढा बदलला. मुलांना हे फार आवडलं. त्यांच्यापैकी एकाने त्याला ‘ओव्हरराइट’ म्हटलं. मी म्हटलं, नीट ओव्हरराइट झालं असतं तर आपल्याला नहपान दिसला नसता.

तिथून जुन्या गावात आलो. म्हसरूळ टेकासारख्या टेकांवर वसलेलं हे गाव मुघलांच्या अमलात गुलशनाबाद होतं, मराठ्यांनी त्याचं पुन्हा नाशिक केलं. सरकारवाडा बघितला. विजयानंद थिएटर कार्यक्रमात एका वाक्यापुरतं होतं : ‘इथे अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या.’ २१ डिसेंबर १९०९, नाटक ‘संगीत शारदा’. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. कान्हेरेंचं वय तेव्हा अठरा, म्हणजे आपण बारावीचा फॉर्म भरला तेवढं. हे आपल्याला माहीत असतं. पण हा जॅक्सन संस्कृत जाणणारा अभ्यासकही होता. ज्या भगवानलाल इंद्रजींनी सकाळची ती लेणी वाचली, त्यांनी जमवलेल्या साधनांवरून गॅझेटियरसाठी गुजरातचा प्राचीन इतिहास पूर्ण केला तो यानेच. सावरकरांचे थोरले बंधू बाबाराव यांच्यावरच्या राजद्रोहाच्या खटल्यात जिल्ह्याचा अधिकारी म्हणून हात होता तोही याचाच. बाबारावांना जन्मठेप काळ्या पाण्याची झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हा खून झाला. एका माणसाच्या दोन्ही बाजू सांगितल्याने कान्हेरेंचं धैर्य उणावत नाही असं मला वाटतं. ग्रुपमधल्या एकाला ते पटलं नाही आणि गाडीत बराच वाद झाला. तो अजून मिटलेला नाही, मेळाव्यात पुढे चालू होईल.

काझी गढी कार्यक्रमात नव्हती. मी आग्रह धरला म्हणून गाइडने लांबून दाखवली. गोदावरीच्या काठावरचं ते मातीचं उंच टेकाड म्हणजे नाशिकचं सर्वांत जुनं घर. १९५०-५१ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केलं आणि १९५५ मध्ये नाशिक आणि जोर्वे यांचा एकत्र अहवाल प्रसिद्ध झाला. तळाला ताम्रपाषाणयुगाची वस्ती, वर सातवाहनांचा काळ, सगळ्यांत वर मुसलमानी-मराठा काळ, असे थर एकावर एक. लेणी कोरायला सुरुवात झाली तेव्हाही हे गाव जुनंच होतं. आज गढीवर माणसांची घरं आहेत. दर पावसाळ्यात तिचा कडा ढासळतो, रहिवाशांना घरं सोडण्याच्या नोटिसा जातात, पाऊस ओसरला की विषय मागे पडतो. घर जाणाऱ्याला घर हवं, आणि थर जाणाऱ्या शहराला थर हवेत. दोन्हीसाठी काम एकच आहे, कडा धरून ठेवणं. टूरवाले इथे गाडी थांबवत नाहीत, कारण इथे फोटो काढण्यासारखं काही नाही.

पूल ओलांडून पंचवटीत आलो. नारोशंकराचं देऊळ १७४७ चं, नारोशंकर राजेबहादूरांनी बांधलेलं. पुढच्या भिंतीवरच्या घंटेवर १७२१ हे साल आहे. वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीजांकडून आलेली घंटा ती हीच, असं सांगतात. नदीपात्रातला दुतोंड्या मारुती मुलांना दाखवला आणि पाणी त्याच्या कुठवर आलं यावरून नाशिककर पूर मोजतात हे सांगितलं. सप्टेंबर २००८ च्या पुराचे फोटो गाइडच्या मोबाइलमध्ये होते. इथे आम्हाला काही नवं नव्हतं. आम्ही सगळे एकदम बोलत होतो आणि तो शहाणा मुलगा गप्प बसून ऐकत होता.

काळाराम मंदिरात गर्दी होती. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेलं, रामशेजच्या काळ्या दगडाचं देऊळ. चारही बाजूंनी तट, चार दिशांना दरवाजे. गाइडने दगड, शिखर, सभामंडप, राम वनवासात इथे राहिला ती कथा, असं रीतसर सांगितलं, आणि मग घड्याळ बघून म्हणाला, ‘१९३० साली इथे डॉ. आंबेडकरांचा सत्याग्रह झाला होता. चला, आता सीतागुंफा.’

आपल्या वेळी इतिहासाच्या पेपरात ही रिकामी जागा हमखास यायची : ‘काळाराम मंदिर सत्याग्रह ____ साली झाला.’ एक गुण. देऊळ शाळेपासून चालत अर्ध्या तासावर. २ मार्च १९३० हा रविवार होता. त्याच तारखेला गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विनना कायदेभंगाची सूचना देणारं पत्र लिहिलं, दांडीयात्रा दहा दिवसांनी निघाली. सगळ्या देशाचं लक्ष मिठाकडे जाणार होतं. त्या दिवशी नाशकात हजारोंची मिरवणूक शिस्तीत देवळापर्यंत आली. दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदावरीच्या घाटावर गेली, तिथे सभा झाली. दुसऱ्या दिवशी सत्याग्रहींची पहिली तुकडी चारही दरवाजांवर बसली, सव्वाशे पुरुष आणि पंचवीस बायका. स्थानिक सूत्रं दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे भाऊराव गायकवाड, म्हणजे पुढचे दादासाहेब, यांच्याकडे होती. त्या वर्षीच्या रामनवमीच्या उत्सवात रथ ओढण्यावरून तंटा झाला, दगडफेक झाली, सत्याग्रही जखमी झाले. लढा महिनाभराचा नव्हता, पाच वर्षं चालला. दरवाजा उघडला नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. नाशिकचा बंद दरवाजा आणि येवल्याची ती सभा यांतलं अंतर एसटीने दोन-अडीच तासांचं आहे, पण आपल्याला ते दोन वेगळ्या धड्यांत शिकवलं गेलं. देऊळ सर्वांना खुलं झालं ते स्वातंत्र्याच्या सुमाराला, कायद्याने.

हे सगळं मी तिथे उभं राहून सांगत नव्हते. सांगत होती आपल्या वर्गातली एक मैत्रीण. दहा वर्षं आपण तिच्याबरोबर एका वर्गात होतो. तिचं गणित चांगलं होतं, वक्तृत्वात ती कधी भाग घ्यायची नाही, एवढंच आपल्याला तिच्याविषयी ठाऊक. गाइड ‘चला’ म्हणाला तेव्हा ती जागची हलली नाही. म्हणाली, ‘माझे आजोबा इथे बसले होते.’ मग ती आम्हाला देवळाला वळसा घालून उत्तरेच्या दरवाजाकडे घेऊन गेली. आजोबा तेव्हा सतरा-अठरा वर्षांचे होते. तुकडीत नाव लागावं म्हणून त्यांनी वय वाढवून सांगितलं होतं. उन्हात बसायचे, पाणी घरून न्यायचे, कारण आसपास कुणी देत नसे. पुढे देऊळ उघडल्यावर ते कधी आत गेले नाहीत. नातीने एकदा कारण विचारलं तेव्हा म्हणाले, ‘मला आत जायचं नव्हतं, मला अडवलेलं चालणार नव्हतं.’

न्यू जर्सीच्या मैत्रिणीने विचारलं, ‘अगं, शाळेत कधी बोलली नाहीस?’ ती म्हणाली, ‘कोणी विचारलं नाही. रिकामी जागा मात्र मी बरोबर भरायचे.’

सीतागुंफेची रांग मोठी होती, ती आम्ही सोडली. पायऱ्यांवर बसून सगळ्यांनी चहा घेतला. गाइड वही काढून काहीतरी लिहीत होता. निघताना तिच्याजवळ आला आणि म्हणाला, ‘ताई, पुढच्या ग्रुपला हे सांगितलं तर चालेल का?’

तिने जरा विचार केला. ‘नाव नका सांगू,’ ती म्हणाली. ‘पण दरवाजा उत्तरेचा होता, तेवढं बरोबर सांगा.’